मदत हवी आहे : अंड्यात पूर्ण वाढून मरणारी पिल्ले आणि ड-३ जीवनसत्त्व

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात सुमारे ४० गावरान कोंबड्या पाळतो आणि ६० अंड्यांच्या लहान उबवणी यंत्रात पिल्ले काढतो. पोळ्याच्या आधी माझ्या घरची ५२ अंडी बसवली, त्यांतून केवळ १९ पिल्ले निघाली. सातव्या दिवशी टॉर्चवर पाहिले तेव्हा बहुतेक अंड्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे स्वच्छ दिसत होते. बावीसाव्या दिवशी उरलेली अंडी फोडली, तर आत पिसे आलेली, पण खुरटी पिल्ले मेलेली होती. काहींची वरची चोच खालच्या चोचीपेक्षा आखूड होती आणि पायाचे हाड नखाने दाबताच ओल्या काडीसारखे वाकत होते.

यंत्राचा दोष मला वाटत नाही, कारण त्याच ट्रेमध्ये दिवसभर उकिरड्यावर फिरणाऱ्या शेजारच्या काकूंच्या कोंबड्यांची ८ अंडी होती आणि त्यांतून ७ पिल्ले निघाली. माझ्या कोंबड्या मात्र मुंगसाच्या भीतीने आषाढापासून खुराड्यातच आहेत, आणि झड लागल्यापासून चारही बाजूंनी ताडपत्री असल्याने त्यांना ऊन मिळालेले नाही. खाद्य ज्वारी, कणी आणि तुरीची चुरी. शिंपल्यांचा चुरा मात्र भरपूर.

दुकानदाराने कॅल्शियमचे टॉनिक हाती दिले, ते मला पटलेले नाही. एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि निघालेल्या पिल्लाच्या अंगात जेमतेम १२० मिलिग्रॅम. पहिले दहा-बारा दिवस गर्भ बलकातील कॅल्शियमवर भागवतो. पुढे कवचाला आतून चिकटलेले रक्तवाहिन्यांचे पटल कवच थोडे थोडे विरघळवून ते रक्तात घेते, आणि पिल्लाचे सुमारे ८० टक्के कॅल्शियम असे कवचातूनच येते. ही उचल नीट होण्यासाठी ड-३ लागते, आणि गर्भाला ते कोंबडीने बलकात ठेवले असेल तेवढेच मिळते. पटलातील कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनाला के जीवनसत्त्वही लागते. पण हिरवा पाला मी रोज टाकतो, म्हणून माझा संशय ड-३ वरच आहे.

जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. मँगनीजच्या कमतरतेनेही चोच आणि पाय बिघडतात, तर मेलेल्या पिल्लांवरून हा फरक घरच्या घरी कसा ओळखावा? ड-३ अति झाले तरी गर्भाला बाधते, तेव्हा पाण्यातून देताना ४० कोंबड्यांसाठी प्रमाण किती ठेवावे, की सकाळी दोन तास जाळीच्या अंगणात सोडणे पुरे होईल? आणि बलक वेगाने भरण्यास आठ-दहा दिवस लागत असल्याने, उपाय सुरू केल्यावर दोन आठवडे अंडी खाण्यासाठी विकून त्यानंतरचीच यंत्रात ठेवावीत, हा माझा हिशेब बरोबर आहे का? पुढची खेप घटस्थापनेच्या सुमारास बसवायची आहे.