मदत हवी आहे: बेसबॉलचा जुना फोटो, मागे ‘चॅपमन’ लिहिलंय. प्रिंट त्याच काळातली आहे हे कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत, क्लीव्हलंडला राहतो. 1900 ते 1920 च्या काळातले बेसबॉलचे फोटो जमवायला लागून दीड वर्ष झालंय. इथल्या जाणकारांनी हात धरून शिकवावं म्हणून हा धागा.

गेल्या शनिवारी लेकवुडला एका घरी इस्टेट सेल होता. घरातलं माणूस गेलं की इथे सगळं सामान मांडून विकतात, तसला. तळघरात बुटांच्या खोक्यात जुन्या पावत्या, नाताळची कार्डं, आणि तळाशी हा फोटो. फलंदाज चेंडूची वाट बघत उभा आहे, मागे कुंपणावर जाहिरातीची अर्धीच अक्षरं आलीत. पाठीवर शिसपेन्सिलीने ‘चॅपमन, क्लीव्हलंड’. 40 डॉलर सांगितले, मी घासाघीस न करता दिले.

रे चॅपमन हा क्लीव्हलंडच्या संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा क्षेत्ररक्षक. 16 ऑगस्ट 1920 रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजचा चेंडू त्याच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. डोक्यावर साधी कापडी टोपी होती, हेल्मेट घालायची तेव्हा पद्धत नव्हती. मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, सामन्यात चेंडू लागून गेलेला तो एकमेव खेळाडू. आपल्या नरी काँट्रॅक्टरना 1962 मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू लागला होता, ते वाचले. चॅपमनची कबर लेक व्ह्यू स्मशानभूमीत आहे, माझ्या घरापासून जवळ. लोक आजही तिथे चेंडू ठेवून जातात. मीही एक ठेवलाय. त्यामुळे ते नाव वाचल्यावर माझं काय झालं असेल, समजून घ्या.

आता अडचण. फोटो 1920 च्या आधी काढला असेल, पण कागदावरची ही प्रिंट कधी काढली? काचेच्या निगेटिव्हवरून पन्नास वर्षांनीही प्रिंट काढता येते.

जे दिसतंय ते लिहितो. आकार साधारण साडेसहा बाय साडेआठ इंच, कागद पातळ. भिंगातून ठिपके दिसत नाहीत, म्हणजे छापील चित्र नाही. तिरप्या उजेडात कडेच्या काळ्या भागावर आरशासारखी चकाकी दिसते. पाठीवर खळीचे तपकिरी डाग आहेत, शिक्का एकही नाही. फलंदाज डावखुरा उभा आहे. बाहीवर एक गडद पट्टा आहे, तो गणवेशातलाच असावा.

हा चॅपमनच्या हयातीतला कागद आहे का, हे घरी बसून कळेल का? फोटो तपासून अस्सलपणाचं प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीकडे पाठवावा का? आणि पेन्सिलीचं लिखाण पुसायला एक विक्रेता सांगतोय, ते करू का?

— तळघरातला_प्रवासी

*

काचेची_पाटी: आधी शेवटचं. पुसू नका. रबर हातातही घेऊ नका.

आरशासारखी चकाकी ही चांगली खूण आहे. कागदावरच्या जिलेटिनच्या थरातली चांदी वर्षानुवर्षं हवा आणि दमट वातावरण सोसून वर येते, तेव्हा गडद भागात ती झाक दिसते. नव्या प्रिंटवर ती मुद्दाम आणणं फार अवघड. आता एक स्वस्तातला अतिनील दिवा आणा आणि अंधाऱ्या खोलीत फोटोची पाठ बघा. 1950 नंतरच्या बऱ्याच फोटो-कागदांत उजळपणासाठी रसायन घालत, ते निळसर पांढरं चमकतं. चमकलं तर प्रश्न संपला, कागद नंतरचा. नाही चमकलं तर नुसत्या त्यावर हुरळून जाऊ नका, कारण नंतरच्याही काही कागदांत ते रसायन नसे. पण चकाकी, पातळ कागद, खळीचे डाग असं सगळं एकाच बाजूला झुकत असेल तर वजन पडतं.

त्याच काळातल्या प्रिंटला संग्राहक ‘टाइप वन’ म्हणतात. मूळ निगेटिव्हवरून आणि फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रिंट. मूळ निगेटिव्ह पण प्रिंट उशिराची असेल तर टाइप टू. नक्कल केलेल्या निगेटिव्हवरून किंवा तारेने (टेलिफोनच्या तारांवरून पाठवलेली) आलेली असेल तर तीन आणि चार. तारेचं तुमच्या बाबतीत सोडूनच द्या, असोसिएटेड प्रेसची वायरफोटो सेवा 1 जानेवारी 1935 ला सुरू झाली.

ओहायोची_माई: अहो, तो पट्टा नीट बघा. गणवेशातला नाही तो. चॅपमन गेल्यावर क्लीव्हलंडच्या खेळाडूंनी दंडावर काळी फीत बांधली होती, त्याच्याच दुखवट्याची. ती फीत तीच असेल, तर फोटोतला माणूस चॅपमन कसा असेल?

आणि चॅपमन उजव्या हाताने फलंदाजी करायचा. तुमचा डावखुरा आहे. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून कुंपणावरची अक्षरं सरळ वाचता येतात का ते सांगा.

तळघरातला_प्रवासी: माई, अक्षरं सरळ आहेत. सदऱ्याची बटणंही पुरुषांच्या बाजूलाच. आणि फीत फक्त एकाच बाहीवर आहे. मी आठवडाभर रोज फोटो बघतोय, मला हे दिसलंच नाही. खरं सांगतो, वाचल्यावर अर्धा तास नुसता बसून होतो.

ओहायोची_माई: वाईट नका वाटून घेऊ. फितीमुळे तारीख किती आवळली बघा! 17 ऑगस्ट 1920 नंतर आणि तो हंगाम संपायच्या आत. ऑक्टोबरात त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, जिंकली आणि 1921 च्या सदऱ्यावर तर छातीवर जगज्जेते असंच लिहिलेलं होतं. जुना फोटो दोन महिन्यांच्या आत बसवता येणं फार क्वचित जमतं.

माणूस कोण, ते एवढ्यावरून ठरणार नाही. डावखुरे बरेच होते: खेळाडू-व्यवस्थापक ट्रिस स्पीकर, जेमिसन, ग्रेनी, एल्मर स्मिथ, गार्डनर. आणि जो स्यूएल. चॅपमनच्या जागी आधी लुंटी आला, तो जखमी झाला, मग 10 सप्टेंबरला स्यूएल पहिला सामना खेळला. पुढे 1977 मध्ये तो बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) गेला. तो चांगलाच बुटका होता. तुमच्या फोटोतला माणूस यष्टिरक्षकाशेजारी कसा दिसतो?

काचेची_पाटी: चेहरा जुळवायला लायब्ररी ऑफ काँग्रेसचा बेन संग्रह बघा. जॉर्ज ग्रँथम बेनच्या वृत्तसंस्थेच्या सुमारे 40 हजार काचेच्या निगेटिव्ह त्यांच्याकडे आहेत, बेसबॉलपटू भरपूर, मोठ्या आकारात फुकट उतरवता येतात. नाकापेक्षा कानावर भर द्या. दाढी, टोपी, वय बदलतं, कानाची ठेवण सहसा बदलत नाही.

तुमच्याच गावात क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीकडे ‘क्लीव्हलंड प्रेस’ या बंद पडलेल्या वर्तमानपत्राचा संग्रह आहे. आधी तिथे जा, मग कंपनीला पैसे द्या. ठेवताना मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं) पाकीट आणि आम्लमुक्त पुठ्ठा, पीव्हीसीचं पाकीट नको. चिकटपट्टी, लॅमिनेशन काही नको. आणि दमट तळघरात तर अजिबात नको.

तळघरातला_प्रवासी: दिवा आला. पाठ मंद, जुन्या वर्तमानपत्रासारखी, जराही चमकली नाही. कोपऱ्यात यष्टिरक्षक अर्धाच आलाय, पण तो वाकलेला असूनही फलंदाज काही फार उंच वाटत नाही. स्यूएल आहे असं म्हणायचं धाडस मी करत नाही. कान जुळवतोय.

पेन्सिल पुसणार नाही. त्या घरातल्या कुणीतरी काळी फीत बघून ज्याच्यासाठी बांधली त्याचं नाव लिहिलं असेल, असंही मला आता वाटायला लागलंय. मंगळवारी सुट्टी घेतलीय, फोटो घेऊन युनिव्हर्सिटीत जातो. तिथे काय विचारू, आधी काय दाखवू, कुणाला अनुभव असेल तर सोमवारपर्यंत सांगा.