पामतेल आणि धुळ्याची थंडी

भजी-फरसाणाचं जळकं तेल नुसतं गाळून जुन्या डिझेल जीपच्या टाकीत ओतलं तर चालेल का, असं विचारलंत. भाऊ, मे महिन्यात एखादवेळी चालून जाईल. पण आमच्याकडे मिळतं ते बहुतेक पामतेल, आणि डिसेंबरात धुळ्याच्या पहाटे ते डालड्यासारखं थिजतं. मी फिल्टर उघडला तर आत पांढरा लगदा, त्यात मिरचीचं एक बी! (माझं गाळणं किती चोख, बघा.)

बायोडिझेलच (म्हणजे तेलावर रासायनिक प्रक्रिया करून डिझेलसारखं पातळ इंधन) करायचं तर आधी तेल तापवून पाणी पूर्ण उडवा. मग लिटरला साधारण २०० मिली मिथेनॉल, त्यात कॉस्टिक सोडा विरघळवून, ५५ अंशांवर ढवळायचं. ६५ अंशांच्या आसपास मिथेनॉल उकळतं. वाफ विषारी आणि ज्योत उजेडात दिसतही नाही, तेव्हा घरात, चुलीजवळ हा उद्योग अजिबात नको. सोडा लिटरला साडेतीन ग्रॅम हे ताज्या तेलाचं माप. जळक्याला जास्त लागतो. टायट्रेशन (तेलाचा आंबटपणा मोजून सोडा किती लागेल ते काढणं) न करता अंदाजाने टाकलात तर साबण होतो. माझी पहिली बादली तशीच गेली.

थंडीत पामतेलाचं बायोडिझेलही गढूळतं, म्हणून ते साध्या डिझेलमध्ये मिसळा आणि डिझेलच जास्त ठेवा. आणि जुन्या रबरी नळ्या आधी बदला, त्या फुगून झिरपायला लागतात.