विषय: शुक्रवार संध्याकाळचा हॉल पोरांना द्यावा

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी संध्याकाळी रिकामा असणारा हॉल भाड्याने द्यायचं ठरतंय, असं इतिवृत्तात वाचलं. त्याआधी माझी विनंती ऐका.

आपली मराठी शाळा बाराव्या वर्षी संपते आणि पोरं मंडळातून नाहीशी होतात. पुढे गणपतीत खुर्च्या उचलायच्या वेळी तेवढी त्यांची आठवण होते. घरी अभ्यासाची चौकशी, शाळेत मार्कांची. नुसतं येऊन बसावं अशी जागा लंडनमध्ये त्यांना फारशी उरलेली नाही. २०१० ते २०१९ या काळात कौन्सिलांचा निधी आटला आणि इथले सुमारे ३० टक्के यूथ क्लब बंद पडले. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये त्याचे परिणाम मांडले. जवळचा क्लब गेलेल्या मुलांचे जीसीएसईचे, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेचे, निकाल एका विषयात साधारण अर्ध्या ग्रेडइतके घसरले आणि गुन्ह्यांकडे वळण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढली. क्लब म्हणजे काही शिकवणी नव्हे! टेबल टेनिस, टोस्ट आणि नावाने हाक मारणारं एखादं मोठं माणूस, एवढ्यानेही केवढा फरक पडत होता.

– मराठी शाळेची एक शिक्षिका

ताई,

कळकळ पोचली. पण भाड्यातून हीटिंगचं बिल निघतं. शिवाय विमा, डीबीएस तपासणी (मुलांसोबत काम करणाऱ्यांची गुन्हे-नोंद तपासणी), आणि दर शुक्रवारी थांबणार कोण? त्यापेक्षा रविवारी ढोल-लेझीमचा वर्ग काढू. पोरं रमतील, गणपतीला पथकही तयार होईल.

– खजिनदार

काका,

ढोलाचा वर्ग जरूर काढा, माझा मुलगा पहिला येईल. पण ज्याला काहीच वाजवायचं नाही, त्याने कुठे जायचं? तुम्ही दादरचे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला तुम्हाला कुणी फी मागितली नाही की काय शिकलास म्हणून विचारलं नाही. येता-जाता ओळखीची माणसं बघायची, तेवढी देखरेख पुरत होती. इथे नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, बाहेर बसवत नाही. सहा पोरं एकत्र दिसली की दुकानदार अस्वस्थ होतात. बस फुकट, म्हणून काही जण वरच्या मजल्यावर बसून उगाच फिरत राहतात. हे मला शाळेतल्या मोठ्या मुलींनीच सांगितलं.

स्वयंसेवकांच्या डीबीएस तपासणीला सरकारी फी नाही. दर वेळी दोन मोठी माणसं हवीत. पहिल्या महिन्यासाठी माझं नाव लिहा. मात्र पाळी ठरवून दर शुक्रवारी नवे चेहरे नकोत. मुलं मोकळी होतात ती ओळखीच्या माणसापाशी, आणि ती ओळख व्हायला वेळ लागतो.

आणखी दोन गोष्टी मनापासून सांगते. मराठीतच बोला असा आग्रह तिथे धरू नये. आणि शाळेतले मित्र, मग ते सोमाली असोत की पोलिश, बरोबर आले तर त्यांनाही चहा द्यावा. आपल्या मुलांचं जग तेच आहे.

भाड्याचं म्हणाल तर सहा महिने शनिवारचा हॉल भाड्याने देऊन पाहू. विमा कंपनीला तेवढं तुम्ही विचाराल का? दुसरी व्यक्ती कोण येतंय, ते इथेच कळवा.

– शिक्षिका