मदत हवी आहे: जर्मनीत संध्याकाळी घरचं नेट बसतं, काँट्रॅक्ट मधेच तोडता येतो का?

नेकारकाठी
मंडळी पटकन सांगा, आज रात्री परत कॉल आहे. २५० एमबीपीएस स्पीडचा प्लॅन घेतलाय, पैसे दर महिन्याला वेळेवर जातात, आणि संध्याकाळचे सात वाजले की स्पीड १५-२० वर येतो, परवा तर ८ होता. दिवसा ठीक असतं. नवऱ्याची टीम अमेरिकेत, त्यामुळे त्याचे सगळे कॉल संध्याकाळीच, आवाज तुटतो, चित्र गोठतं, त्याच्या मॅनेजरने काल सरळ सांगितलं की हे असं फार दिवस चालणार नाही. कस्टमर केअरला चार वेळा फोन केला, दर वेळी राऊटर बंद करून चालू करा आणि मग आमच्याकडून सिग्नल नीट दिसतोय. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. काँट्रॅक्ट २४ महिन्यांचा आहे, मधेच तोडता येतो का आणि कसा, एवढंच हवंय. जर्मन बी१ पर्यंत येतं, पत्र मी लिहीन.

श्टुटगार्टचा_सद्या
तोडता येतो, पण आधी सांगा: डीएसएल आहे, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून, की टीव्हीच्या केबलवरून? काँट्रॅक्ट कधी सुरू झाला? स्पीड वायफायवर मोजलात की वायर लावून? हे कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

नेकारकाठी
हाइलब्रॉनजवळ राहतो. काँट्रॅक्ट ऑक्टोबरपासून. मोबाइलवर मोजलं. बाकी ते डीएसएल वगैरे मला माहीत नाही, राऊटर भिंतीतल्या डबीला लावलाय.

फ्रिट्झप्रेमी
ताई, कंपनीने दिलेला राऊटर आधी परत करा. १ ऑगस्ट २०१६ पासून इथे राऊटर स्वतःच्या पसंतीचा लावायचा कायदेशीर हक्क आहे, कंपनी नाही म्हणू शकत नाही. चांगला फ्रिट्झबॉक्स राऊटर घ्या, आमच्याकडे तीन खोल्यांत आणि खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात सुद्धा रेंज मिळते. माझ्या सगळ्या मित्रांना मी हेच सांगतो.

श्टुटगार्टचा_सद्या
अहो, दिवसा नीट चालतं असं त्या म्हणतायत. राऊटर काय सात वाजता थकतो का? डबीला लागलेली वायर कशी आहे ते सांगा ताई. गोल, स्क्रूसारखी फिरवून बसवायची, का टेलिफोनची चपटी पिन?

नेकारकाठी
गोल, फिरवायची, टीव्हीला असते तशी. पण जाहिरातीत ग्लासफाझर, म्हणजे फायबर लिहिलं होतं!

म्युनिकची_मावशी
मग केबलच. जाहिरातीतलं ते फायबर फक्त तुमच्या वस्तीतल्या नोडपर्यंत, म्हणजे वाटपाच्या पेटीपर्यंत येतं, पुढे घरापर्यंत जुनी टीव्हीची तांब्याची तार, कोॲक्स. त्या नोडवरची सगळी घरं एकाच पाइपातून पाणी भरतात असं समजा, संध्याकाळी सगळ्यांनी नळ सोडले की धार बारीक. डीएसएलला चौकातल्या पेटीपासून तार तुमची एकट्याची असते, वरचा आकडा कमी पण संध्याकाळी एवढा कोसळत नाही. तुमच्या नवऱ्याच्या कामाला १०० चं डीएसएल सुद्धा भरपूर आहे, कॉलला २५० लागतच नाहीत. आणि हो, केबलवर अपलोड किती मिळतो तेही बघा, गिगाबिटच्या प्लॅनला सुद्धा साधारण ५० च असतो.

कोथरूडकर
माझ्याकडे कोथरूडला गल्लीतल्या केबलवाल्याने दोन दिवसात घरात फायबर आणून दिलं, बिल्डिंगच्या गच्चीवरून. युरोपात असूनही ही अवस्था वाचून आश्चर्य वाटलं. एवढा श्रीमंत देश आणि तांब्याच्या तारा?

इतिहासवेडा
आश्चर्य वाटणारच, पण कारण जुनं आहे. १९८१ मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या मंत्रिमंडळाने सगळ्या पश्चिम जर्मनीत फायबर टाकायचं ठरवलं होतं, ३० वर्षांत पूर्ण करायचं. १९८२ ला सरकार पडलं, हेल्मुट कोल आले, पोस्टमंत्री क्रिस्टियान श्वार्ट्झ-शिलिंग यांनी टीव्हीसाठी तांब्याच्या कोॲक्सचं जाळं पसरवलं. ताईंच्या भिंतीतली ती गोल वायर त्याच काळाच्या धोरणातून आलेली. पुढे एकीकरणानंतर पूर्वेकडे नव्वदच्या दशकात ओपाल नावाने फायबर टाकलंसुद्धा, पण ते टेलिफोनच्या हिशेबाने, आणि डीएसएल आलं तेव्हा त्या फायबरवरून ते देताच येईना, म्हणजे ज्यांच्याकडे फायबर त्यांनाच वेगवान नेट नाही. हा इतिहास नीट लिहून ठेवायला हवा, मला फार तळमळ वाटते त्याची.

बर्लिनवाला
सगळं कोलवर ढकलू नका. १९८१ चं फायबर आजच्या नेटला जसंच्या तसं चाललं असतं का, हा प्रश्न आहेच. खरी चूक नंतरची. तांब्यावरच व्हेक्टरिंग, म्हणजे जुन्या टेलिफोनच्या तारेतूनच जास्त स्पीड काढायची युक्ती करून १००, मग सुपरव्हेक्टरिंगने २५० काढत बसले, २०१६ मध्ये नियामकाने मुख्य टेलिफोन एक्सचेंजभोवतालच्या भागात डॉइच टेलिकॉम कंपनीला व्हेक्टरिंगची मुभा दिली, आणि बाकीच्या कंपन्यांनी तेव्हा खूप आरडाओरडा केला होता. लोकांना तेवढं पुरलं, म्हणून फायबर कोणी मागितलंच नाही. आजही निम्म्याहून जास्त कनेक्शन डीएसएलवरच आहेत.

इतिहासवेडा
जमिनीत नळ्या गेल्या असत्या हो, दोन्ही टोकांची यंत्रं बदलता येतात, खोदाई परत करावी लागत नाही. खर्च खोदाईचाच असतो.

मानहाइमचे_काका
टीव्हीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, १ जुलै २०२४ पासून घरमालक केबल टीव्हीचे पैसे नेबेनकोस्टेनमध्ये, म्हणजे भाड्यासोबतच्या इतर खर्चात लावू शकत नाही. हिशेब तपासा, आमच्याकडे लावले होते, मी पत्र लिहून काढायला लावले.

नेकारकाठी
काका आमच्याकडे टीव्ही नाही. कोणी काँट्रॅक्टचं सांगेल का??

म्युनिकची_मावशी
सांगते, नीट वाचा. १ डिसेंबर २०२१ पासून नवीन टेलिकॉम कायदा लागू आहे. कबूल केलेल्या स्पीडपेक्षा प्रत्यक्षात बराच कमी मिळत असेल तर बिल कमी करून मिळतं किंवा काँट्रॅक्ट मुदतीआधी तोडता येतो. पण मोबाइलवर मोजलेलं कोणी धरत नाही. बुंडेसनेट्झआगेंटूरचं, म्हणजे इथल्या टेलिकॉम नियामकाचं, ब्राइटबांडमेसुंग नावाचं ॲप लॅपटॉपवर घ्या, राऊटरला लॅनची वायर लावा, वायफाय बंद. एकूण ३० वेळा मोजायचं, तीन वेगवेगळ्या दिवशी दहा दहा वेळा, सगळं १४ दिवसांच्या आत. दिवस आणि वेळ तुम्ही निवडता, दहाच्या मधे एक मोठी विश्रांती ॲप स्वतः घ्यायला लावतं, म्हणून पाचसहाला सुरू करा म्हणजे उरलेली पाच बरोबर तुमच्या वाईट वेळेत येतील. काँट्रॅक्टसोबतच्या माहितीपत्रकात तीन आकडे असतात, जास्तीत जास्त, नेहमी मिळणारा, कमीत कमी. त्या तिन्हीशी तुलना होऊन शेवटी पीडीएफ मिळतो. तो जोडून पत्र, आणि दुरुस्तीसाठी मुदत द्यायला विसरू नका, थेट तोडलंत तर तेच भांडण काढतील.

फ्रिट्झप्रेमी
लॅन लावून मोजल्यावर वायफायचाच दोष निघाला तर मात्र माझं ऐका.

श्टुटगार्टचा_सद्या
हे मान्य. मोजल्यावर कळेल.

५जी_भक्त
एवढी पत्रापत्री कशाला, सिमवाला ५जी राऊटर खिडकीत ठेवा, महिन्याचा काँट्रॅक्ट, नको झालं की बंद. मी दोन वर्षं असंच चालवतोय.

बर्लिनवाला
मोबाइलचा टॉवर पण शेअर्डच असतो, संध्याकाळची गर्दी तिथेही आहे. कॉल वाचवायला महिनाभर ठीक, त्यावर कायमचं घर नको.

नेकारकाठी
मावशी, खूप आभार. आज रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवतो, उद्यापासून मोजते. तसंही खरं फायबर येणारच आहे, गेल्या शनिवारी एक माणूस दारावर आला होता, त्याच्या टॅबवर सही केली. म्हणून तर हा जुना तोडायची घाई.

म्युनिकची_मावशी
थांबा थांबा. हे आधी का नाही सांगितलंत? रस्ता खोदलाय का? घर तुमचं आहे की भाड्याचं? काँट्रॅक्टचा सारांश ईमेलवर आला का?

नेकारकाठी
भाड्याचं. खोदलेलं नाही, तो म्हणाला पुरेशा लोकांनी सही केली की खोदतील. ईमेल आली आहे, ८ पानं, वाचली नाही.

श्टुटगार्टचा_सद्या
सद्यस्थितीत हेच सगळ्यात तातडीचं आहे. दारावर केलेल्या सहीला १४ दिवसांचा विडरुफ, म्हणजे सही मागे घ्यायचा हक्क असतो, शनिवारपासून मोजा. बऱ्याच कंपन्या गावातल्या ठरावीक टक्के घरांनी, म्हणजे साधारण एक तृतीयांश, सह्या केल्याशिवाय खोदायलाच घेत नाहीत, त्यानंतर महिने जातात. तोवर जुनं तोडलंत तर नेटच नाही. आणि घरमालकाने इमारतीत तार आणू दिली नाही तर काहीच होत नाही.

बर्लिनवाला
मी असतो तर विडरुफ केला नसता. लोक सह्या करत नाहीत म्हणूनच हा देश मागे राहिलाय, समोरून फायबर गेलेली घरं भराभर वाढली पण घेणारे थोडेच. सह्या गोळा करायच्या मोहिमेच्या काळात जोडणी फुकट, नंतर खर्च स्वतःचा. २०३० पर्यंत सगळीकडे फायबर असं ध्येय सरकारने २०२२ मध्ये ठरवलं होतं, ते असं पूर्ण होणार नाही.

म्युनिकची_मावशी
देशाचं ध्येय त्यांच्या नवऱ्याच्या नोकरीवर कशाला? मालकाला विचारा, तो हो म्हणाला तर ठेवा, नाही तर मुदतीत लेखी रद्द करा. पुढच्या वर्षी पण सही करता येते.

नेकारकाठी (बारा दिवसांनंतर)
अपडेट देते. घरमालकाला त्याच रात्री विचारलं, त्याला कोणी काही विचारलेलंच नव्हतं आणि सध्या त्याला घर खोदायचं नाही, म्हणून विडरुफ ईमेलने पाठवला, पोचल्याचं उत्तर आलं. मोजून झालं, लॅनवर दुपारी २४० च्या आसपास, रात्री ११ ते १९, तिन्ही दिवस तसंच, म्हणजे वायफाय नव्हतं. पीडीएफ जोडून पत्र रजिस्टरने टाकलं, १४ दिवसांची मुदत दिली. चौकातल्या पेटीवरून १०० चं डीएसएल आमच्या पत्त्यावर मिळतंय असं दुसऱ्या कंपनीच्या साइटवर दिसलं, मुदत संपली की तेच घेऊ. मावशी, सद्या, मनापासून धन्यवाद.

ऑफेनबाखकर
धागा वाचून मीही मोजायला बसलो पण माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही, काय करू?

श्टुटगार्टचा_सद्या
यूएसबीचा लॅन ॲडॅप्टर मिळतो, गिगाबिटचाच बघून घ्या. साध्यावर १०० च्या पुढे मोजता येणार नाही. आणि केबल आहे का डीएसएल?