मदत हवी आहे : मॅक्सिमिलियनच्या वंशवृक्षाशेजारच्या ढाली कशा ओळखायच्या?
नमस्कार मंडळी. पवित्र रोमन सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठी जर्मन चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूररने सहकाऱ्यांसोबत केलेल्या विजयकमानीचा अभ्यास करतेय. कमान दगडाची नाही, कागदाची! १९० हून जास्त लाकडी ठशांवरून छापलेली, सुमारे साडेतीन मीटर उंच, त्यावर साल १५१५. मधल्या दारावर वंशवृक्ष आहे: तळाशी ट्रॉय (ग्रीक कथांतलं प्राचीन नगर), सिकांब्रिया (दंतकथेप्रमाणे ट्रॉयहून आलेल्यांनी वसवलेलं नगर) आणि फ्रान्सिया (फ्रँक लोकांचा देश) स्त्रीरूपात, वर फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याच्यापासूनचे राजे, शेंड्यावर स्वतः सम्राट. मूळ थेट ट्रॉयला नेऊन भिडवणं हा सत्तेचा उघड दावा, आणि रेषा किती देखण्या!

दोन्ही बाजूंना राज्यांच्या ढाली आहेत. त्यातली कुठली राज्यं वारशाने आली, कुठली लग्नातून, हे लावायचंय. युरोपीय कुलचिन्हं वाचता येणारं कुणी आहे का इथे? लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची प्रत कुणी पाहिली असेल तर जवळून काढलेले फोटोही चालतील.