दिव्याखालची फांदी
पानगळीत कॉलेजचे दिवस आठवतात ते रंगांमुळे, असं म्हणतात, आणि ते पटतं. पण मला रंगांपेक्षा वास जास्त ओढून नेतो. ओल्या, कुजू लागलेल्या पानांचा वास आला की मी थेट वसतिगृहामागच्या रस्त्यावर! गंधाचे संदेश मेंदूत भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतात, त्यामुळे असं होत असावं.

लायब्ररी बंद झाल्यावर मी आणि माझा एक मित्र रोज त्याच रस्त्याने परतायचो. तिथलं एक झाड सगळं उघडं पडलेलं, पण रस्त्यावरच्या दिव्याला चिकटून असलेली एक फांदी मात्र हिरवीगार. रात्रीच्या उजेडाने झाडाला दिवस मोठाच वाटतो आणि तिथली पानं उशिरा गळतात, हे खूप नंतर कळलं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो दिसतो, हेही तेव्हा माहीत नव्हतं.

मित्राने त्या फांदीचं एक पान माझ्या वहीत ठेवलं होतं. परवा वही उघडली. पानाचा चुरा झालाय, पण कागदावर त्याच्या शिरांचा तपकिरी ठसा अजून स्पष्ट आहे. त्याला लगेच फोन केला.