विषय: शहापूरच्या दवाखान्याचा विस्तार – खोल्या की रात्र?

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,
परदेशातल्या आपल्या मंडळात गणपतीत जमलेली रक्कम शहापूर तालुक्यातल्या आपल्या दवाखान्याला द्यायचं कार्यकारिणीत ठरलं. दोन खोल्या वाढवायच्या आणि इथल्या एका हॉस्पिटलने बदललेलं, पण चांगलं चालणारं छोटं सोनोग्राफी मशीन पाठवायचं, असा बेत आहे. ताई, ठाण्याला परतल्यापासून तुम्ही दर आठवड्याला तिथे जाता. रविवारच्या बैठकीआधी तुमचं मत हवं.

प्रेषक: ताई, ठाणे

भाऊ आणि सगळेच,

मशीन कृपा करून पाठवू नका. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे. त्याखाली नोंदणी नसलेल्या जागी सोनोग्राफी मशीन विकत काय, फुकट देणंही बसत नाही, आणि ते चालवायला पात्र डॉक्टर लागतो. आपल्याकडे दोन्ही नाही.

आता खोल्या. आज आहेत त्या दोन खोल्यांना संध्याकाळी पाचला कुलूप लागतं. गेल्या पावसाळ्यात एका कातकरी पाड्यावरून पहाटे पाचला एका बाईला झोळीतून आणलं. जमिनीवर झोपलेली, रात्री पोटात कळा आल्या म्हणून उठली. कुठे सूज नाही, दंशाची खूण नाही. घरच्यांना वाटलं, काहीतरी बाधलं. माणसं ओट्यावर नर्सची वाट बघत बसली. ती साडेसातला आली. मी पहिल्या कसारा लोकलने आसनगावला उतरून पोचले, तेव्हा बाईच्या पापण्या उघडत नव्हत्या. मण्यार चावली होती. शहापूरच्या रुग्णालयात श्वासाची नळी घालून तिला वाचवलं. पण ओट्यावर गेलेले ते अडीच तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दवाखाना रात्री उघडा ठेवा. पहिल्या पावसात लोक बॅटऱ्या घेऊन खेकडे धरायला ओढ्यावर जातात, लावणीच्या दिवसांत चिखलात असतात, रात्री जमिनीवर झोपतात. साप, विंचू, अडलेली बाळंतीण, तापाने फणफणलेलं पोर, हे सगळं अंधार पडल्यावरच दाराशी येतं.

त्यासाठी आळीपाळीने रात्री राहणाऱ्या दोन नर्स आणि जीप चालवणारा एक माणूस हवा. १०८ ची गाडी आहे, पण पाड्यापर्यंत रस्ताच नाही तिथे झोळी डांबरीवर येईपर्यंत वेळ जातो. आपली जीप निदान पाऊलवाटेच्या तोंडाशी उभी राहील. सामान फारसं लागत नाही. श्वास द्यायची अँबू बॅग, आणि काचेच्या कोरड्या परीक्षानळ्या. शिरेतलं दोन मिली रक्त नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग कलती करून बघायची. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाची शंका धरून लगेच निघायचं. नळी प्लास्टिकची चालत नाही, फसवते. मण्यार आणि नागाचं विष मात्र या नळीत दिसत नाही, तिथे पापण्यांवर नजर ठेवायची. सापाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस, फुरसं अशा चारही विषांवर चालतं, पण त्याची उलटी रिअॅक्शन येऊ शकते. तेव्हा ते डॉक्टर असेल तिथेच द्यावं. आपलं काम वेळेत ओळखून पोचवण्याचं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून कितीतरी जीव वाचवले. तीही भिंती वाढवून मिळत नाही, वेळेवर देणारं माणूस लागतं.

प्रेषक: खजिनदार

ताई, पटलं. पण पगार म्हणजे दर महिन्याची बांधिलकी. इमारत असली की देणगीदारांना फोटो दाखवता येतो. आणि पैसे ओळखीच्या एखाद्या संस्थेमार्फत पाठवू का?

प्रेषक: ताई, ठाणे

दुसऱ्या संस्थेमार्फत नको. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे फिरवता येत नाही. मंडळ तिकडे नोंदलेलं आहे, म्हणजे त्याचा पैसा परदेशीच धरला जातो. आपल्या ट्रस्टची एफसीआरए नोंदणी आहे, तेव्हा रक्कम थेट स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यायला हवी. ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत दिलं तर ती परदेशी देणगी ठरत नाही. यादी करताना हे दोन गट वेगळे ठेवा.

पगाराचं म्हणाल, तर तीन वर्षांचं एकदम ठरवा. वर्षभराच्या भरवशावर कुठलीही नर्स घरदार सोडून राहायला येणार नाही, आणि मीही तिला या म्हणणार नाही.

एक खोली मात्र नक्की बांधा. नर्सला राहायला. आतून घट्ट लागणारी कडी, लागून संडास, पाण्याची टाकी आणि वीज गेली तरी चालणारा दिवा. फोटो तिचा काढा. जूनच्या आत ती तयार व्हायला हवी, पाऊस त्याच सुमाराला लागतो.

काचेच्या नळ्यांचा एक डबा मी मंगळवारी घेऊन जाते आहे.